इम्प्लांटभोवतीचं हाड मायक्रो-सीटीवर मोजताना: नमुन्यापासून आकड्यापर्यंतचा क्रम

सशाच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवायचा, काही आठवड्यांनी हाड काढून मायक्रो-सीटी (मायक्रॉनच्या बारकाईचा त्रिमितीय क्ष-किरण स्कॅन) करायची आणि नव्या कोटिंगमुळे हाड किती धरलं ते आकड्यांत दाखवायचं. एमडीएस, एमएस ऑर्थो आणि बायोमेडिकलच्या प्रबंधांत हा मार्ग आता नेहमीचा झाला आहे. चुकाही नेहमीच्याच असतात. धातूच्या कडेची पांढरट रेघ हाड म्हणून मोजली जाते, शस्त्रक्रियेआधीपासून तिथे असलेलं हाड ‘नवं हाड’ म्हणून लिहिलं जातं आणि प्रत्येक नमुन्याची सेटिंग्ज वेगळी ठेवून वर त्यांची तुलना केली जाते. तिन्हींचं मूळ एकच: जे निर्णय प्राण्याला भूल देण्याआधी व्हायला हवेत, ते संगणकासमोर बसल्यावर, चित्र पाहता पाहता घेतले जातात.

पुढचं सगळं एक ठरावीक उदाहरण धरून लिहिलं आहे: सशाच्या फीमोरल कॉन्डाइलमध्ये, म्हणजे मांडीच्या हाडाच्या गुडघ्याकडच्या टोकात बसवलेला, ३.५ मिमी व्यासाचा आणि १० मिमी लांबीचा टायटॅनियम स्क्रू. तुमचा प्राणी, हाड किंवा स्क्रू वेगळा असेल तर आकडे बदलतील, क्रम बदलणार नाही.

टप्पा १: प्रश्न एका वाक्यात लिहा, मग साधन ठरवा

मायक्रो-सीटीला फक्त खनिज दिसतं. दाहाच्या पेशी, तंतुमय आवरण, हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी यांतलं तिला काहीही दिसत नाही. रक्तवाहिन्याही दिसत नाहीत. त्या हव्या असतील तर बळी देतानाच त्यांत कॉन्ट्रास्ट भरावा लागतो. हाड आणि धातू यांच्यात काळी फट दिसली, तर ती तंतुमय ऊतकाची आहे, मज्जेची आहे की नमुना वाळल्यामुळे पडलेली भेग आहे, हे त्या चित्रातून कळत नाही. म्हणून ‘इम्प्लांटला शरीराचा प्रतिसाद’ असा मोघम प्रश्न घेऊन स्कॅनरकडे जाऊ नका. ‘आठव्या आठवड्यात इम्प्लांटच्या पृष्ठभागापासून अर्ध्या मिलिमीटरच्या आत खनिजयुक्त हाडाचं प्रमाण किती’ हा प्रश्न या साधनाचा आहे. ‘आवरण तयार झालं का’ हा हिस्टॉलॉजीचा, म्हणजे पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचा. ‘हाडाची उलाढाल कुठे जोरात चालू आहे’ याला फ्लोरिन-१८ सोडियम फ्लोराइड वापरून केलेला पेट स्कॅन लागतो.

रुग्णांवरच्या अभ्यासाची साधनं निराळी. खुब्याच्या कृत्रिम सांध्याच्या दांड्याभोवतीची घनता डेक्सावर (हाडाची घनता मोजणारी क्ष-किरण तपासणी) ग्रूएनच्या ७ झोनमध्ये मोजतात. इम्प्लांट हाडात सरकतो आहे का, हे टॅन्टॅलमचे बारीक मणी बसवून आरएसए पद्धतीने (दोन कोनांतल्या क्ष-किरण चित्रांवरून हालचाल मोजणं) पाहतात. मऊ ऊतकाची प्रतिक्रिया पाहण्यासाठी धातूची विकृती कमी करणारे एमआरआय सिक्वेन्स असतात. तो विषय इथे घेतलेला नाही.

इम्प्लांट कोणत्या पदार्थाचा, हेही आत्ताच पाहा. टायटॅनियम त्यातल्या त्यात सोपा. कोबाल्ट-क्रोम, स्टेनलेस स्टील आणि झिर्कोनिया क्ष-किरण इतके अडवतात की त्यांच्या अगदी लगतचं चित्र बहुतेक वेळा विश्वासार्ह राहत नाही. पीक (PEEK) या प्लास्टिकची अडचण उलटी आहे: ते मज्जेपासून वेगळं उठून दिसत नाही, त्यामुळे इम्प्लांटची कड सापडत नाही. मॅग्नेशियम सगळ्यांत फसवं. त्याची करडी छटा कोवळ्या हाडाच्या आसपास असते, ते विरघळताना वायूचे बुडबुडे सोडतं, आणि गंजाचा थर कॅल्शियम-फॉस्फेटमुळे हाडासारखाच दिसतो. पहिलाच प्रबंध असेल तर मॅग्नेशियमवर फक्त मायक्रो-सीटीच्या भरवशावर निष्कर्ष काढायला जाऊ नका.

टप्पा २: प्राण्यांचा हिशेब अर्जातच पूर्ण करा

संस्थेच्या प्राणी आचारसंहिता समितीकडे फॉर्म बी भरताना लिहिलेली संख्या पुढे सहज वाढवता येत नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीच्या, म्हणजे सीसीएसईएच्या (पूर्वीची सीपीसीएसईए), चौकटीत प्रत्येक प्राण्याचं समर्थन द्यावं लागतं. अर्ज लिहितानाच पुढच्या तीन गोष्टी त्यात बसवा. नंतर त्या आठवल्या तर उपयोग नाही.

पहिली, शून्य दिवसाचा गट. स्क्रू बसवून लगेच, हाड बरं व्हायला सुरुवात होण्याआधीच काढलेले नमुने. हा गट नसेल तर आठव्या आठवड्याला दिसणाऱ्या हाडातलं नवं किती आणि आधीचं किती, हे तुम्ही सांगू शकत नाही. कॉन्डाइलमध्ये मुळातच जाळीदार हाड असतं. स्क्रू त्यात घुसतो तेव्हा आजूबाजूच्या हाडाच्या बारीक पट्ट्या (ट्रॅबेक्युली) दाबल्या जातात आणि ड्रिलचा भुसा आट्यांमध्ये अडकतो. हे सगळं मायक्रो-सीटीत हाड म्हणूनच येतं. प्रबंधांत हा गट सर्रास गाळलेला असतो, आणि परीक्षकाने नेमकं तेच विचारलं की उत्तर नसतं. शून्य दिवसासाठी वेगळे प्राणी मागायचे नसतील तर दुसऱ्या मंजूर प्रयोगात त्याच दिवशी बळी दिलेल्या, त्याच वयाच्या सशांची हाडं मिळतील का ते समितीला विचारा. बहुतेक समित्यांना हा मार्ग पटतो, कारण त्यात नवा प्राणी लागत नाही.

दुसरी, मोजणीचं एकक. एका सशाच्या दोन पायांत दोन स्क्रू बसवले की १० सशांचे २० नमुने होतात, पण २० स्वतंत्र निरीक्षणं होत नाहीत. एका पायात कोटिंगवाला आणि दुसऱ्यात साधा स्क्रू असेल तर जोडीची तुलना करा. उजवा की डावा, हे चिठ्ठी टाकून ठरवा. संख्याशास्त्रज्ञाला आत्ता भेटा.

तिसरी, नमुन्यांची वाटणी. टॉर्क किंवा पुश-आउट चाचणी करायची असेल तर त्यासाठीचे नमुने वेगळे धरा. चाचणीत हाड आणि धातूमधला जोड तुटतो, आणि तुटल्यानंतर केलेला स्कॅन त्या तुटीचं चित्र दाखवतो.

> तपासा: अर्जात शून्य दिवसाचा गट, भूल किंवा फ्रॅक्चरमुळे गमावले जाऊ शकणारे प्राणी आणि प्रत्येक नमुन्याचा पुढचा प्रवास (स्कॅन, हिस्टॉलॉजी की यांत्रिक चाचणी) लिहिला आहे का? वेगवेगळ्या मुदतींची नावं आणि आठवडे नक्की आहेत का?

टप्पा ३: प्राण्याआधी कोरा स्क्रू स्कॅन करा

सगळ्यांत जास्त वगळली जाणारी पायरी हीच. हिला खर्च फारसा नाही आणि वेळ एका दिवसाचा.

जो स्क्रू सशात बसणार आहे, त्याच बॅचमधला एक कोरा स्क्रू घ्या. हाडाचा मागमूस नसलेल्या माध्यमात, म्हणजे पाण्यात, अगारमध्ये किंवा अॅक्रिलिकमध्ये, तो पक्का बसवा. नळी तीच वापरा जी पुढे नमुन्यांना वापरणार आहात. नंतर जी सेटिंग्ज ठरतील त्यांवर स्कॅन करा आणि नेहमीच्या पद्धतीने पुढची सगळी प्रक्रिया चालवा. या स्कॅनमध्ये हाड शून्य आहे. तरीही सॉफ्टवेअर स्क्रूभोवती ‘हाड’ दाखवेल.

हे का होतं? एका व्हॉक्सेलमध्ये (त्रिमितीय चित्राच्या सर्वांत लहान ठोकळ्यात) अर्धा धातू आणि अर्धं पाणी आलं की त्याची छटा दोन्हींच्या मधली होते, आणि ती नेमकी हाडाच्या छटांच्या पट्ट्यात पडते. शिवाय धातूतून जाताना क्ष-किरणांतली कमी ऊर्जेची किरणं आधी गळतात, त्यामुळे कडेशी उजळ आणि काळसर पट्टे उमटतात. कोऱ्या स्क्रूभोवतीचा हा खोटा थर किती व्हॉक्सेल जाड आहे, ते मोजून लिहून ठेवा. तो दोन व्हॉक्सेल असेल, तीन असेल, पाचही असेल; स्कॅनर, व्होल्टेज आणि फिल्टरवर ते अवलंबून आहे. दुसऱ्या कुणाच्या पेपरमधून हा आकडा उचलू नका.

थर एवढासा असल्याने त्याने काय फरक पडतो, असं वाटेल. हिशेब करून पाहा. ३.५ मिमी व्यासाच्या गुळगुळीत दांड्याभोवती ५०० मायक्रॉनचं कडं घेतलं आणि व्हॉक्सेल १० मायक्रॉनचा असेल, तर तीन व्हॉक्सेलचा खोटा थर त्या कड्याच्या क्षेत्रफळाचा ५ टक्क्यांहून थोडा जास्त भाग व्यापतो. म्हणजे हाड शून्य असतानाही बीव्ही/टीव्ही (मोजलेल्या एकूण आकारमानातला हाडाचा वाटा) ५ टक्के निघेल. कडं १०० मायक्रॉनचंच घेतलं तर तोच थर जवळपास २९ टक्के होतो. आट्यांमुळे पृष्ठभाग वाढतो, तेव्हा प्रत्यक्षात स्थिती याहून वाईट. ‘अगदी लगतचं हाड’ म्हणून अरुंद कडं घेऊन मिळालेले देखणे आकडे पुष्कळदा या थराचे असतात. आणि कोटिंगची जाडी किंवा खडबडीतपणा दोन गटांत वेगळा असेल, तर खोटा थरही वेगळा असतो. गटांतला फरक मग आयता मिळतो.

> इशारा: दोन प्रकारचे इम्प्लांट असतील तर दोन्हींचे कोरे स्कॅन करा. एकाचा दुसऱ्याला चालत नाही.

टप्पा ४: नमुना काढणं, टिकवणं, पोचवणं

हाड काढताना इम्प्लांटच्या दोन्ही बाजूंनी पुरेसं हाड ठेवून, पाणी सोडत, बारीक करवतीने कापा. इम्प्लांटला चिमटा लावून ओढू नका. मऊ ऊतक काढा, पण हाडाच्या बाहेरचा पातळ पापुद्रा खरवडू नका. तिथेही नवं हाड येतं.

फिक्सेशनसाठी १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन, नमुन्याच्या आकारमानाच्या किमान दहापट. सशाच्या कॉन्डाइलला साधारण ४८ तास. नंतर धुऊन ७० टक्के इथेनॉलमध्ये. बफर नसलेलं जुनं फॉर्मॅलिन आम्लधर्मी होतं आणि हळूहळू खनिज काढून घेतं. महिनोन् महिने त्यात पडलेले नमुने स्कॅनला आले तर घनतेचे आकडे बाजूला ठेवा.

> इशारा: पॅथॉलॉजीच्या खोलीत हाड आलं की डिकॅल्सिफिकेशनला टाकायचं, ही तिथली सवय आहे. ईडीटीए किंवा आम्लात गेलेल्या हाडात मायक्रो-सीटीला दाखवायला काही उरत नाही. बाटलीवर मोठ्या मराठी अक्षरांत ‘डिकॅल्सिफाय करू नये – आधी स्कॅन’ असं लिहा आणि तिथल्या तंत्रज्ञाला समक्ष सांगा. नुसत्या चिठ्ठीवर विसंबू नका.

काही नमुने गोठवलेले आणि काही फिक्स केलेले, अशी सरमिसळ करू नका. बाटलीच्या लेबलवर गटाचं नाव नको, फक्त संकेतांक. संकेतांकाची यादी मार्गदर्शकाकडे किंवा विभागातल्या तटस्थ माणसाकडे राहू द्या. लेबल पेन्सिलीने लिहा. इथेनॉलमध्ये शाई पुसली जाते.

स्कॅनर तुमच्या कॉलेजात नसण्याचीच शक्यता जास्त. केंद्र सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर देशातल्या संशोधन संस्थांची उपकरणं शोधता येतात आणि वेळही मागता येते. वेळ मिळायला उशीर होतो म्हणून शस्त्रक्रियेच्या तारखा ठरवतानाच नोंदणी करा. सगळे नमुने एकाच सलग पाळीत स्कॅन होतील असं पाहा. निम्मे आज आणि निम्मे सहा महिन्यांनी, मधे क्ष-किरणांची ट्यूब बदललेली, अशा वेळी दोन तुकड्यांत गटांची समान वाटणी नसेल तर तुलना धोक्यात येते.

टप्पा ५: स्कॅन

नमुना कसा उभा करायचा, हा या टप्प्यातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय. स्क्रूचा अक्ष फिरणाऱ्या तबकडीच्या अक्षाला समांतर हवा. तसं केलं की किरणांना प्रत्येक कोनातून फक्त व्यासाइतका धातू ओलांडावा लागतो. ५० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या किरणांपैकी ३.५ मिमी टायटॅनियममधून सुमारे १५ टक्के पार जातात. स्क्रू आडवा ठेवला तर काही कोनांत किरणांना १० मिमी धातू ओलांडावा लागतो आणि अर्ध्या टक्क्याहून कमी पार जातात. त्या कोनांतून डिटेक्टरला माहितीच मिळत नाही आणि चित्रात धातूच्या दोन्ही टोकांकडून काळे पट्टे निघतात. कोबाल्ट-क्रोमच्या बाबतीत ३.५ मिमीलाच ही गत होते. हाडाचा आकार बघून नमुना ‘नीट बसतो’ तसा ठेवला जातो आणि स्क्रू तिरका राहतो. हाड तिरकं राहिलं तरी चालेल, स्क्रू सरळ हवा.

नमुना नळीत फोमच्या तुकड्यांनी असा बसवा की तो तसूभरही हलणार नाही. नळीचं तोंड बंद करा. माध्यम सगळ्यांना एकच: सगळे इथेनॉलमध्ये, किंवा सगळे ओलसर ठेवून हवेत. स्कॅन चालू असताना वाळणारा नमुना आकसतो, आणि आकसला की कडा दुहेरी दिसतात.

सेटिंग्जचे आकडे स्कॅनरगणिक बदलतात, पण दिशा अशी. व्होल्टेज जास्त ठेवलं (टायटॅनियमला बहुधा ९० ते १०० किलोव्होल्ट) की धातूची विकृती कमी होते, पण हाड आणि मज्जा यांच्यातला फरकही थोडा फिका होतो. अॅल्युमिनियमचा, किंवा अॅल्युमिनियम आणि तांब्याचा एकत्र फिल्टर लावा. फिरवणं १८० ऐवजी पूर्ण ३६० अंश. प्रत्येक कोनात एकाहून अधिक फ्रेम घेऊन सरासरी. ट्यूब तापल्यावर, आणि त्याच फिल्टर व व्होल्टेजवर, फ्लॅट-फील्ड दुरुस्ती (नमुन्याशिवाय घेतलेल्या चित्राने डिटेक्टरचा असमानपणा काढणं) नव्याने करा.

व्हॉक्सेल किती बारीक? मोजायच्या सर्वांत पातळ पट्टीच्या जाडीत किमान दोन, शक्यतो तीन-चार व्हॉक्सेल मावायला हवेत. सशाच्या जाळीदार पट्ट्या शंभर-दीडशे मायक्रॉनच्या घरात असतात, तेव्हा १० ते १५ मायक्रॉन पुरतो. डिटेक्टरची रुंदी २००० पिक्सेल आणि व्हॉक्सेल १० मायक्रॉन असेल तर दिसणारं क्षेत्र २० मिमी. सशाचा कॉन्डाइल त्यात मावतो. ‘सर्वांत बारीक सेटिंगवर करा’ असं ऑपरेटरला सांगू नका. ५ मायक्रॉनवर क्षेत्र निम्मं होतं, हाडाचा काही भाग बाहेर राहतो, आणि तो बाहेरचा भाग आतल्या छटा बिघडवतो.

हायड्रॉक्सिअॅपॅटाइटचे फँटम, म्हणजे माहीत घनतेचे तुकडे (साधारणपणे ०.२५ आणि ०.७५ ग्रॅम प्रति घन सेंमी) त्याच दिवशी, त्याच माध्यमात, त्याच सेटिंग्जवर स्कॅन करा. फँटमशिवाय घनतेचा आकडा देऊ नका.

> तपासा: पहिला नमुना झाला की पुढचे लावण्याआधी त्याचं रिकन्स्ट्रक्शन (वेगवेगळ्या कोनांतल्या चित्रांतून त्रिमितीय चित्र बांधणं) करून पाहा. कडा दुहेरी आहेत? वर्तुळाकार रेघा आहेत? स्क्रूच्या मध्यावरून काळे पट्टे जातात? दोष दिसला तर इथेच दुरुस्त करा. रात्रभर बाकीचे नमुने लावून घरी जाऊ नका.

टप्पा ६: रिकन्स्ट्रक्शन

बरेच प्रबंध या टप्प्यावर बिघडतात, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. सॉफ्टवेअर प्रत्येक नमुन्याला ‘सोयीस्कर’ किमान-कमाल छटा आपोआप सुचवतं. ते स्वीकारलं की एका नमुन्यातली १२० ही छटा आणि दुसऱ्यातली १२० यांचा अर्थ वेगळा होतो. पुढे एकच थ्रेशहोल्ड (कोणत्या छटेपासून हाड धरायचं ती सीमा) लावलात तरी तुलना मोडलेलीच असते. म्हणून किमान-कमाल सीमा एका नमुन्यावर ठरवा, कागदावर लिहा आणि सगळ्यांना, फँटमला व कोऱ्या स्क्रूलाही, तीच द्या. वरची सीमा अशी ठेवा की धातू पूर्ण पांढरा होऊन कापला गेला तरी चालेल, पण हाडाच्या छटा पट्ट्यावर नीट पसरतील. धातू सामावून घेण्याच्या नादात सीमा फार वर नेली की सगळं हाड दहा-वीस छटांत दाबलं जातं.

बीम-हार्डनिंग दुरुस्तीची टक्केवारी, स्मूदिंग आणि रिंग दुरुस्तीही सगळ्यांना समान. अलाइनमेंटची भरपाई हा एकच आकडा नमुन्यागणिक बदललेला चालतो. फायली १६ बिट टिफमध्ये ठेवा, जेपेगमध्ये कधीच नाही.

जागेचा अंदाज आधी घ्या. २००० × २००० × २००० व्हॉक्सेलचा १६ बिटचा एक नमुना म्हणजे १६ जीबी. २० नमुन्यांना ३२० जीबी, कच्ची प्रोजेक्शन वेगळी. पेनड्राइव्ह घेऊन जाणारे अजूनही भेटतात.

टप्पा ७: दिशा आणि मोजणीचं क्षेत्र

सगळे नमुने अशा रीतीने फिरवून घ्या की स्क्रूचा अक्ष उभा आणि माथा एकाच बाजूला येईल. नंतर क्षेत्र ठरवा, तेही मिलिमीटरमध्ये. ‘२०० स्लाइस’ असं लिहिलं तर व्हॉक्सेल बदलला की अर्थ बदलतो.

आमच्या उदाहरणात क्षेत्र असं येतं: स्क्रूचा मुखवटा (स्क्रूचे व्हॉक्सेल तेवढे निवडलेलं चित्र, मास्क) काढायचा, तो कोऱ्या स्कॅनने सांगितलेल्या व्हॉक्सेलनी फुगवायचा, एवढा भाग मोजणीतून वगळायचा, आणि तिथून पुढे ५०० मायक्रॉनचं कडं घ्यायचं. वरचा, बाहेरच्या घट्ट हाडातला भाग आणि खालचा, जाळीदार हाडातला भाग वेगळे मोजायचे. दोन्ही एकत्र केलेत तर स्क्रू जरासा वर-खाली बसल्याचा फरक कोटिंगचा परिणाम म्हणून दिसेल. घट्ट हाडात बीव्ही/टीव्ही आधीच खूप जास्त असतं.

हे सगळं संकेतांक न उघडता करा.

टप्पा ८: थ्रेशहोल्ड

आधी त्रिमितीय मीडियन फिल्टर, सगळ्यांना समान. मग प्रत्येक गटातून आणि मुदतीतून काही नमुने चिठ्ठीने काढा, त्यांचे हिस्टोग्रॅम पाहा, ओत्सूसारख्या, हिस्टोग्रॅमवरून सीमा काढणाऱ्या पद्धतीने एक आकडा मिळवा आणि मूळ करड्या चित्राशेजारी ठेवून डोळ्यांनी ताडा. पातळ पट्ट्या तुटताहेत का? मज्जेत ठिपके येताहेत का? ठरलेला आकडा फँटमच्या मदतीने घनतेत बदलून लिहा.

अवघड प्रश्न मुदतींचा आहे. दुसऱ्या आठवड्यातलं कोवळं हाड कमी खनिजाचं असतं. बाराव्या आठवड्याच्या हाडावरून ठरवलेला थ्रेशहोल्ड ते पुसून टाकतो; खालचा आकडा धरला तर बाराव्या आठवड्यात पट्ट्या फुगतात. माझं मत: एकच थ्रेशहोल्ड ठेवा आणि मर्यादा स्पष्ट लिहा. मुदतीप्रमाणे आकडा बदललात तर ‘हाड वाढलं’ आणि ‘मोजपट्टी बदलली’ यांतला फरक वाचकाला कळणार नाही. दुसरं मत असलेले लोक आहेत आणि त्यांच्याकडेही कारणं आहेत. पण एकाच मुदतीत दोन गटांना दोन थ्रेशहोल्ड लावणं कुठल्याच मताने चालत नाही.

> तपासा: थ्रेशहोल्ड १० टक्के वर आणि १० टक्के खाली करून मोजणी पुन्हा चालवा. गटांचा क्रम बदलला तर तुमचा निष्कर्ष हाडातून आलेला नाही, थ्रेशहोल्डमधून आला आहे. दुसरी तपासणी: कोऱ्या स्क्रूवर हीच पूर्ण प्रक्रिया चालवा. उत्तर शून्याच्या जवळ यायला हवं. येत नसेल तर वगळलेला थर एकेक व्हॉक्सेलने वाढवा, आणि वाढवाल तो सगळ्या नमुन्यांना.

टप्पा ९: कोणते आकडे द्यायचे

बीव्ही/टीव्ही, पट्ट्यांची जाडी, संख्या आणि त्यांच्यातलं अंतर, हा जाळीदार हाडासाठीचा किमान संच. इम्प्लांटला लागून कापलेल्या अरुंद कड्यात जाडी आणि संख्या यांचा अर्थ डळमळीत होतो, कारण पट्ट्या दोन्ही बाजूंनी कापल्या गेलेल्या असतात. तिथे बीव्ही/टीव्हीवरच भर द्या. घनता द्यायची तर ती फक्त हाडाची आहे की मज्जेसकट पूर्ण क्षेत्राची, ते लिहा.

आणि बीआयसी, म्हणजे हाड-इम्प्लांट संपर्काची टक्केवारी? सॉफ्टवेअर ती देतं. पण ज्या दोन-तीन व्हॉक्सेलमध्ये खरा संपर्क असतो, तेच तुम्ही आत्ता खोटे म्हणून वगळलेत. त्यामुळे जे मोजलं गेलं ते ‘इम्प्लांटपासून अमुक मायक्रॉनवरचं हाड’ आहे, आणि तसंच लिहा. संपर्क हा शब्द हिस्टॉलॉजीसाठी राखून ठेवा.

टप्पा १०: हिस्टॉलॉजीशी जुळवणी

त्याच नमुन्यांतले काही स्कॅननंतर मिथाइल मेथाक्रिलेटमध्ये बसवून, खनिज न काढता, डायमंड करवतीने कापायचे आणि ३० ते ५० मायक्रॉनपर्यंत घासून टोल्युइडीन ब्लूने रंगवायचे. सेक्शन कुठल्या दिशेने गेला ते ठरवण्यासाठी ठोकळ्यावर खूण करा आणि स्कॅनमध्ये तीच प्रतल शोधा. मनाला येईल त्या स्लाइसशी तुलना केलीत तर जुळणी योगायोगाने होईल किंवा होणार नाही.

आधी थ्रेशहोल्डचा मुखवटा आणि रंगवलेला सेक्शन एकमेकांवर ठेवून पाहा. धातूपासून दूर दोन्ही जुळायला हवेत. कडेशी जुळणार नाहीत, आणि ते अपेक्षितच आहे. काळ्या फटीत काय आहे, याचं उत्तरही इथेच मिळतं. करवतीच्या पात्याने बरंच हाड खाल्लं जातं, त्यामुळे एका स्क्रूचे फार तर दोन-तीन चांगले सेक्शन मिळतात. पहिला काप मधोमध घ्या.

जिवंत प्राण्यात पुन्हा पुन्हा स्कॅन करायचे असतील तर

तोच प्राणी कालक्रमाने पाहिला की संख्या कमी लागते आणि शून्य दिवसाचा प्रश्नही सुटतो, कारण शस्त्रक्रियेनंतरचा पहिला स्कॅन हाच आधार होतो. मात्र चित्रं एकमेकांवर बसवताना हाडाचा आधार घेऊ नका. हाड बदलतं आहे. इम्प्लांटवर जुळवा. स्क्रू हाडात सरकला असेल तर तेही मग हाडाच्या दूरच्या भागाशी तुलना करून दिसतं.

किरणांची मात्रा प्रत्येक स्कॅनला साठत जाते आणि ती स्वतःच हाडावर व मज्जेवर परिणाम करू शकते. म्हणून काही प्राणी फक्त शेवटी एकदाच स्कॅन करायचे ठेवा आणि त्यांची पुन्हा पुन्हा स्कॅन झालेल्यांशी तुलना करा. श्वासामुळे होणारी हालचाल पायापर्यंत पोचते; पाय शरीरापासून लांब, साच्यात बांधूनच स्कॅन घ्या.

टप्पा ११: लिहिणं आणि साठवणं

पद्धतीच्या प्रकरणात पुढच्या गोष्टी असल्याच पाहिजेत: स्कॅनरचं मॉडेल, व्होल्टेज, करंट, फिल्टर, व्हॉक्सेल, कोनाची पायरी, एकूण फिरणं, फ्रेमची सरासरी, माध्यम, फँटम, रिकन्स्ट्रक्शनच्या सीमा, फिल्टर, थ्रेशहोल्ड घनतेत, वगळलेल्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये आणि ती कशी ठरवली, क्षेत्राची मापं, सॉफ्टवेअर व त्याची आवृत्ती. जर्नल ऑफ बोन अँड मिनरल रिसर्चमध्ये २०१० साली आलेल्या मायक्रो-सीटीच्या मार्गदर्शक सूचना यासाठी शेजारी उघड्या ठेवा. प्राण्यांच्या तपशिलासाठी अराइव्ह २.० (प्राण्यांवरचे प्रयोग कसे लिहावेत याच्या सूचना). ‘मानक सेटिंग्ज वापरली’ या वाक्याला काही अर्थ नाही.

मोजणीसाठी महागडं सॉफ्टवेअर नसेल तर फिजी आणि त्यातलं बोनजे, किंवा थ्री-डी स्लायसर, मोफत मिळतात आणि वरची प्रत्येक पायरी त्यांत करता येते. मुखवटा फुगवण्याची आणि वगळण्याची पायरी मॅक्रो लिहून चालवा, हाताने नको. तो मॅक्रोही परिशिष्टात द्या.

कच्ची प्रोजेक्शन दोन ठिकाणी ठेवा आणि तोंडी परीक्षा होऊन पेपर छापून येईपर्यंत पुसू नका. समीक्षक वगळलेल्या थराची जाडी बदलून आकडे पुन्हा मागतात, आणि तोवर स्कॅनरवाल्या संस्थेने आपली प्रत काढून टाकलेली असते.